‘मुलांसाठी’ असं नक्की कोण म्हणालं?

1 जानेवारी 1965. न्यूयॉर्कच्या एका टीव्ही स्टेशनवर सूपी सेल्स नावाचा विनोदवीर लहान मुलांचा कार्यक्रम करायचा. तोंडावर क्रीमचे पाय फेकून घेणं ही त्याची खासियत. त्या दिवशी कार्यक्रम संपायला थोडा वेळ उरला होता. तेवढ्यात तो कॅमेऱ्यात बघून मुलांना म्हणाला, की आई-बाबा अजून झोपलेले असतील, तर हळूच आत जा, त्यांच्या पाकिटात दाढीवाल्या माणसांची चित्रं असलेले हिरवे कागद असतील, ते मला पोस्टाने पाठवा. बदल्यात मी तुम्हाला पोर्टो रिकोहून पोस्टकार्ड पाठवीन.

पाकिटं खरंच आली. त्यात बहुतेक खेळातल्या खोट्या नोटा होत्या, असं तो पुढे सांगायचा. पण तक्रार झाली आणि स्टेशनने त्याला काही दिवस घरी बसवलं. मग त्याच्या चाहत्यांनी गोंधळ घातला आणि तो परतला, आधीपेक्षा जास्त प्रसिद्ध होऊन.

या किस्स्यात मला त्या विनोदापेक्षा तक्रारीचा रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. चिडलेल्या पालकाकडे तेव्हा एक पत्ता होता. कार्यक्रम स्टेशनचा होता, स्टेशनकडे सरकारी परवाना होता आणि परवाना गेला तर धंदा गेला. म्हणजे ‘हा माणूस आमच्या मुलांसाठी बरा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देणं कोणाची तरी नोकरी होती.

आज हाच प्रश्न घराघरांत विचारला जातो. एखादा यूट्यूबर, गेमर, व्लॉगर मुलाच्या तोंडी सारखा येऊ लागतो आणि आई-बाप गूगल करतात. उत्तर देण्याचं काम मधल्या काळात कोणाकोणाकडे गेलं आणि शेवटी कुठे हरवलं, हा तसा रंजक इतिहास आहे. तो यूट्यूबच्या बराच आधी सुरू होतो.

सुरुवात कॉमिक्सपासून करू. 1954 मध्ये अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगारीकडे वळतात, हा त्याचा दावा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीय वस्तीसाठी त्यांनी दवाखाना चालवला होता, त्यामुळे माणूस निव्वळ भंपक नव्हता. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. विल्यम गेन्स या प्रकाशकाला त्याच्याच एका अंकाचं मुखपृष्ठ दाखवण्यात आलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. ‘हे सुरुचीला धरून आहे का?’ असं विचारल्यावर गेन्सचं म्हणणं होतं, की भयकथेचं मुखपृष्ठ म्हणून आहे. प्रामाणिक उत्तर होतं, पण त्याने धंदा बुडवला.

कायदा येईल या भीतीने प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ तयार केला. अंक आधी तपासायचा आणि पास झाला तर मुखपृष्ठावर छोटा शिक्का मारायचा. शिक्का नसलेला अंक विकायला विक्रेते नाखूश असत. आईला अंक उघडून बघायचीही गरज नाही, कोपऱ्यातला शिक्का बघितला की झालं.

आता हा शिक्का काय काय अडवत होता ते बघा. गेन्सच्या कंपनीने एक जुनी विज्ञानकथा पुन्हा छापायला घेतली. पृथ्वीवरून आलेला एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. तिथले नारिंगी यंत्रमानव निळ्यांना कमी लेखतात, म्हणून तो त्या ग्रहाला नापास करतो. शेवटच्या चित्रात तो हेल्मेट काढतो आणि कळतं, की तो कृष्णवर्णीय आहे. कोडच्या प्रमुखाने आक्षेप घेतला तो नेमका यावर. नायक काळा नको. गेन्सने भांडून कथा आहे तशी छापली आणि त्यानंतर कॉमिक बुकांचा धंदाच सोडून दिला. पुढे वर्थम यांची कागदपत्रं संशोधकांसाठी खुली झाली, तेव्हा कॅरोल टिली या अभ्यासिकेला दिसलं, की पुस्तकातली मुलांची बरीच विधानं त्यांनी फिरवली होती, एकमेकांत मिसळली होती, फुगवली होती. तपासणाऱ्यांना कोण तपासणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

ही लाट आपल्याकडेही पोचली होती, हे मला हा विषय खणायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. ब्रिटनने 1955 मध्ये मुलांना ‘घातक’ ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला आणि 1956 मध्ये भारताच्या संसदेनेही. ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट’. वीस वर्षांखालची व्यक्ती म्हणजे ‘यंग पर्सन’. गुन्हे, हिंसा-क्रौर्य किंवा किळसवाण्या, भयानक घटना मुख्यत्वे रंगवणारं आणि एकूण विचार करता तरुण मन बिघडवेल असं प्रकाशन विकणं, छापणं हा गुन्हा.

या व्याख्येतले ‘एकूण विचार करता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एखादं चित्र, एखादं वाक्य उचलून निकाल द्यायचा नाही, अख्खा अंक बघायचा. 1956 मध्ये हे शक्य होतं, कारण अंकाला पहिलं पान असायचं आणि शेवटचं पान असायचं. रोज एक व्हिडिओ टाकणाऱ्या माणसाचा ‘एकूण विचार’ कसा करायचा? चार वर्षं रोज एक म्हटलं तरी दीड हजाराच्या जवळ व्हिडिओ होतात, आणि उद्याचा अजून यायचा असतो.

मराठी घरांत या कायद्याची आठवण कोणालाच नसेल, कारण त्याची गरज फारशी पडली नाही. आपल्याकडे चाळणीचं काम संपादक करायचे. ‘चांदोबा’तल्या वेताळाच्या गोष्टींत प्रेतं असायची, पण अंक कोणी तरी जबाबदारीने लावलाय हे घरात गृहीत होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोर-दरोडेखोरांच्या मागे धावायचा, आणि कोणा आईला त्याची चिंता वाटली नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आपल्याकडे आला, तेव्हा त्याच्या जंगलाचं ‘बंगाल’शी मिळतंजुळतं नाव बदलून ‘डेंकाली’ करण्यात आलं. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून कोणीतरी ऑफिसात बसून नावं खोडली. त्याचं नाव अंकावर नव्हतं, पण तो होता.

टीव्ही आल्यावर प्रश्नाचं रूप बदललं. पुस्तक ही वस्तू आहे. टीव्हीवरचा काका रोज त्याच वेळी येतो, मुलाच्या डोळ्यांत बघून बोलतो आणि मुलाला तो आपल्या ओळखीचा वाटतो. या ओळखीचा उपयोग विक्रीसाठी होणार हे उघड होतं. 1968 मध्ये बोस्टनजवळच्या एका घरात पेगी शॅरन या आईने काही मैत्रिणींसोबत ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना सुरू केली. वर्थम यांच्यासारखी तिची मागणी बंदीची नव्हती. सेन्सॉरशिपला तर तिचा ठाम विरोध होता. तिचा रोख जाहिरातींवर होता.

1974 मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एक साधी गोष्ट सांगितली. मुलांच्या कार्यक्रमाच्या सूत्रधाराने त्याच कार्यक्रमात माल विकायचा नाही. कारण लहान मुलाला गोष्ट कुठे संपली आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे कळत नाही, आणि ज्या काकावर विश्वास आहे तोच विकू लागला तर अजिबातच कळत नाही. 1978 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर अगदी लहान मुलांसाठीच्या जाहिराती बंद करण्याचा प्रस्ताव आणला. त्यावर ‘सरकार देशाची आया बनतंय’ अशी टीका झाली आणि संसदेने आयोगाचे हातच बांधून टाकले.

1974 चा हा नियम एकदा डोक्यात ठेवून यूट्यूबवरचा कोणताही खेळणी उघडून दाखवणारा व्हिडिओ बघा. त्यात सूत्रधाराने विकणं हाच अख्खा कार्यक्रम असतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. 10 नोव्हेंबर 1969 ला ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं. त्याआधी एडवर्ड पामर या संशोधकाने एक प्रयोग केला होता. मुलासमोर टीव्हीवर कार्यक्रम लावायचा आणि बाजूला दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणाऱ्या स्लाइड दाखवायच्या. मूल टीव्ही सोडून स्लाइडकडे कधी बघतं याची नोंद ठेवायची. मूल जिथे वळलं, तिथे कार्यक्रम फसला. या चाचणीमुळे कार्यक्रमाचा साचाच बदलला. बाहुल्या आणि खरी माणसं वेगवेगळी ठेवा, नाहीतर मुलांचा गोंधळ होईल, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. पण फक्त माणसं असलेल्या प्रसंगांत मुलं कंटाळत होती. मग बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर रस्त्यावर उतरले.

चाचणी इथे थांबली नाही. मुलं खिळून बसली की नाही यानंतर, ती काही शिकली का, हे एका वेगळ्या संस्थेकडून तपासून घेतलं गेलं. अक्षरं ओळखता येतात का, आकडे मोजता येतात का. पहिली चाचणी दुसरीसाठी होती.

आपल्याकडे 1997 मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं उंचावरून उडी मारतात, अशा बातम्या आल्या आणि वाद पेटला. मग शक्तिमान स्वतःच मुलांना समजावू लागला की बाबांनो, असं करू नका. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ सांगायचे, ते आमच्या पिढीला पाठ आहे. त्या बातम्यांतलं खरं किती आणि पिकवलेलं किती हा वेगळा विषय. पण वाद झाल्यावर उत्तर द्यायला समोर एक चेहरा होता, एक वाहिनी होती आणि आठवड्याची ठरलेली वेळ होती.

यूट्यूबने यातलं सगळंच सोडवून टाकलं. 2005 मध्ये सुरू झालं तेव्हा ते लहान मुलांसाठी नाहीच, असं कागदावर होतं. खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण हवीत. अमेरिकेत 1998 मध्ये मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यातून हा तेराचा आकडा आला. कायदा म्हणत होता, तेराखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करू नका. कंपन्यांनी काढलेली पळवाट सोपी होती. आमच्याकडे तेराखालचं कोणी नाहीच.

2012 मध्ये यूट्यूबने शिफारशींचं गणित बदललं. आधी किती जणांनी क्लिक केलं याला वजन होतं, आता किती वेळ बघितलं याला आलं. माझं पोट कोडवर चालतं, म्हणून सांगतो, यात कोणाचा दुष्ट हेतू असायची गरज नसते. डॅशबोर्डवर एक आकडा असतो, तो वर गेला की टीम खूश. पामरच्या दोन चाचण्यांपैकी पहिली राहिली आणि दुसरी गळून पडली. मशीनला ‘मूल खिळून बसलं’ एवढंच दिसतं.

2015 मध्ये अमेरिकेत यूट्यूब किड्स आलं, 2016 मध्ये भारतात. त्याच वर्षी जिओही आलं आणि वरण-भातासोबत फोन ही पद्धत पक्की झाली. 2017 च्या नोव्हेंबरात जेम्स ब्रायडल या लेखकाचा एक निबंध गाजला आणि जगाला कळलं, की एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग यांचे चेहरे लावून विकृत, हिंसक व्हिडिओ शेकड्यांनी बनताहेत आणि मशीन ते चिमुरड्यांपुढे वाढतंय. यूट्यूबने दीड लाखांहून अधिक व्हिडिओ काढून टाकले. ते आधी कोणी पास केले होते? कोणीच नाही. मशीन होतं.

दीडच महिन्यात, 31 डिसेंबर 2017 ला, लोगन पॉल या यूट्यूबरने जपानच्या आओकिगाहारा जंगलातला व्हिडिओ टाकला. त्यात आत्महत्या केलेल्या माणसाचा मृतदेह होता. या माणसाचा प्रेक्षक प्रामुख्याने शाळकरी पोरं. व्हिडिओ ट्रेंडिंगमध्ये पोचला. शेवटी आरडाओरडा झाल्यावर त्यानेच तो काढला. सूपी सेल्सच्या त्या नववर्षाशी तुलना केली तर तक्रारीला पत्ताच नव्हता. होती ती जाहिरातदारांची भीती, आणि यूट्यूबने काही दिवसांनी त्याला महागड्या जाहिरातींच्या यादीतून वगळलं, तेही त्यामुळेच.

आता ज्या शिक्क्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. 2019 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या त्याच व्यापार आयोगाने आणि न्यूयॉर्क राज्याने गूगल-यूट्यूबकडून 17 कोटी डॉलर वसूल केले. तक्रारीतला तपशील वाचण्यासारखा आहे. एकीकडे कंपनी म्हणत होती, आमच्याकडे तेराखालची मुलं नाहीत. दुसरीकडे बार्बीवाल्या मॅटेलला आणि हॅस्ब्रोला सांगत होती, की मुलांपर्यंत पोचायचं तर आमच्यासारखं कोणी नाही.

तडजोडीतून जानेवारी 2020 पासून प्रत्येक व्हिडिओला एक प्रश्न जोडला गेला. हा ‘मुलांसाठी बनवलेला’ आहे का? उत्तर द्यायचं खुद्द बनवणाऱ्याने. ‘हो’ म्हटलं की त्या व्हिडिओवर माग काढणाऱ्या जाहिराती बंद, कमेंट बंद.

आई-बापांना हे शब्द शिक्क्यासारखे वाटतात. कॉमिक्सच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यासारखे, कोणीतरी बघून पास केलेले. पण हा प्रश्न व्हिडिओ चांगला की वाईट याबद्दल नाहीच. बघणाऱ्याची माहिती गोळा करायची की नाही, एवढंच त्यातून ठरतं. या हिशोबाने एल्साचे ते विकृत व्हिडिओ ‘मुलांसाठी बनवलेले’ ठरतात, कारण कार्टून आहे, मुलांची पात्रं आहेत. आणि एखाद्या शिक्षकाचा सर्व वयांसाठीचा सुंदर विज्ञानाचा व्हिडिओ ठरत नाही. त्यात ‘हो’ म्हटलं की उत्पन्न घटतं. म्हणजे ज्याचे निम्मे प्रेक्षक चौथीतले आहेत, त्या गेमरला ‘नाही’ म्हणण्यात फायदा. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने वयाची रेषा अठरावर नेली आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती यांना मनाई केली. चांगलंच आहे. पण तोही माहितीबद्दलच बोलतो. समोरचा माणूस कसा आहे, हे कुठल्याच कायद्यात नाही. माझ्या मते नसावंही. काळ्या अंतराळवीराचं काय झालं ते आपण बघितलं.

ही जागा रिकामी राहिली की तिथे अफवा शिरते. ‘मोमो’ आठवतो? विस्फारलेल्या डोळ्यांच्या बाईचा चेहरा मुलांच्या व्हिडिओत मध्येच येतो आणि त्यांना इजा करून घ्यायला सांगतो, म्हणे. तो फोटो जपानमधल्या एका शिल्पाचा होता. असा व्हिडिओ असल्याचा पुरावा नाही, असं यूट्यूबनेच सांगितलं. पण फॅमिली ग्रुपवर शाळेच्या सूचना, पोलिसांचे इशारे सगळं फिरून झालं. त्याच काळात तीच मुलं आरामात बसून तासन्‌तास कोणाकोणाला बघत होती, त्यावर एकही फॉरवर्ड आला नाही.

पामरचा दुसरा पडदाही परत आलाय. 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ‘कोकोमेलन’ची मालक कंपनी मूनबग हिच्याबद्दल लिहिलं. लंडनमध्ये ते मुलांना नवा भाग दाखवतात आणि शेजारी एक छोटा पडदा ठेवतात. त्यावर रोजचीच कंटाळवाणी दृश्यं चालू असतात. मुलाची नजर तिकडे गेली, की नोंद. त्याचं त्यांनी नावही ठेवलंय, ‘डिस्ट्रॅक्टाट्रॉन’. पन्नास वर्षांपूर्वीचंच उपकरण.

गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीने विचारलं, “अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? हा गेमर याने बघितलेला चालेल का, सांग.” भाचा नऊ वर्षांचा. तिची काळजी शिव्यांची होती. मी म्हटलं, “ताई, गाजलेले दोन व्हिडिओ बघून काही कळणार नाही. सगळ्यात जुना, कालचा आणि एखादा लाइव्ह बघू.” एका रविवारी दुपारी भाच्याला मध्ये बसवून बघितले. शिव्या जवळपास नव्हत्याच, ताई खूश झाली. मला दुसरंच दिसत होतं. जुन्या व्हिडिओंत तो खेळ शिकवत होता, हरला तर स्वतःवर हसत होता. आताच्या व्हिडिओंत खेळ कमी आणि गेममधले डायमंड विकत घ्यायचे कोड जास्त. लाइव्हमध्ये तर खेळ थांबवून तो सुपरचॅटवर पैसे पाठवणाऱ्यांची नावं वाचत होता. प्रत्येक नावापुढे ‘लव्ह यू भाई’. भाचा नाव ऐकल्यागत पुढे सरकून बसला होता.

ताईने चॅनल बंद केलं नाही. जुने व्हिडिओ चालतील, लाइव्ह नाही, असं ठरलं. भाच्याने ते कुरकुरत मान्य केलं, आणि मग शांतपणे तिला विचारलं, की एकदाच चाळीस रुपये पाठवले तर तो माझं नाव घेईल, फक्त एकदा, तुझ्या फोनवरून चालेल का?

सूपी सेल्सला निदान पाकिटाची वाट बघावी लागायची.